‘सीट ब्लॉक’ झाली, पण कॉलेज यादीतच नव्हतं : एका बीसीए प्रवेशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची मुलगी. २०२४ ला बारावी विज्ञान, ६८ टक्के. ओबीसी प्रवर्ग, घरचं उत्पन्न शुल्कसवलतीच्या आठ लाखांच्या मर्यादेच्या बरंच खाली. वडील कृषी सेवा केंद्रात कामाला. इंजिनिअरिंगच्या सीईटीत गुण कमी पडले म्हणून बीसीए, म्हणजे संगणकाची पदवी, करायचं ठरलं. गाव, अकादमी, विद्यापीठ आणि एजंट यांची नावं इथे गाळली आहेत.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षानं त्यांच्यासाठी पहिल्यांदाच प्रवेश परीक्षा घेतली. दुसरं म्हणजे ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के लाभ. पहिला बदल गावोगावच्या पालकांपर्यंत नीट पोचलाच नाही. दुसरा पोचला, पण ‘मुलींना शिक्षण फुकट’ एवढाच. कॅपची अट वाटेतच गळाली. एजंटांचा धंदा नेमका या दोन फटींमध्ये चालला.

घडलं काय

बारावीच्या निकालानंतर महिनाभरात फोन सुरू झाले. मुलीचं नाव, टक्केवारी, कोणत्या कॉलेजची आहे, सगळं समोरच्याला माहीत. ‘काका, बीसीएला आता सीईटी लागते, तुमच्या मुलीनं दिली नाही. पण आपल्या पुण्याच्या कॅम्पसला थेट अ‍ॅडमिशन आहे. डिग्री युनिव्हर्सिटीची. मुलींना फ्री आहे, भरलेले पैसे महाडीबीटीतून परत येतात. आज टोकन टाका, सीट ब्लॉक करतो.’ हे सगळं नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखीही आलं, आणि पुढे तेच कामाला आलं.

पैसे चार वाटांनी गेले. १०,००० रुपये यूपीआयनं एजंटच्या स्वतःच्या खात्यावर. ७५,००० एनईएफटीनं पुण्यातला तो ‘कॅम्पस’, म्हणजे अकादमी, चालवणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या चालू खात्यावर. ६०,००० ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून एका फायनान्स कंपनीकडून, वडिलांच्या नावावर, महिना ५,००० चे बारा हप्ते. ही रक्कम थेट अकादमीला गेली. आणि ३०,००० रोख, ‘विद्यापीठ नोंदणी’ म्हणून, पावती नाही. एकूण १,७५,०००. हॉस्टेलचे ३६,००० वेगळे. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला ‘व्हेरिफिकेशनला’ म्हणून अकादमीनं ठेवून घेतले.

पावतीवर वर विद्यापीठाचा लोगो, खाली सही-शिक्का मात्र कंपनीचा. विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं, खासगी. पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याचं नाव आणि पदवी देणाऱ्याचं नाव वेगळं असेल, तर तिथंच थांबायला हवं. या प्रकरणातली पुढची प्रत्येक अडचण त्या पावतीवर आधीच दिसत होती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरायला बसली. जिल्हा पुणे निवडला, तालुका निवडला, आणि कॉलेजच्या यादीत अकादमीचं नाव नाही. विद्यापीठाचंही नाही. कॅपचा अर्ज क्रमांक टाकायची चौकट आली, आणि तिच्याकडे असा क्रमांकच नव्हता. अकादमीच्या समन्वयकानं सांगितलं, ‘साइट अपडेट होतेय, ऑक्टोबरमध्ये येईल.’ मामानं एआयसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहिली. तिथंही नाही.

शासन निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं लाभातून वगळलेली आहेत. म्हणजे प्रवेश खरा असता तरी एजंटनं सांगितलेली ‘फ्री’ ही गोष्ट खोटीच होती.

कायदा कुठे उभा आहे

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम १९५६ चं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच. कलम २४ मधला दंड मात्र हजार रुपयांपर्यंत. लाख-लाख रुपये घेणाऱ्याला हजार रुपयांचा धाक वाटत नाही, आणि हा आकडा इतकी वर्षं तसाच राहिला ही संतापाचीच गोष्ट आहे. त्यामुळे केवळ या कायद्यावर विसंबून कुणाचे पैसे परत येत नाहीत.

दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाबद्दल कायदा स्पष्ट आहे. प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राज्याच्या कायद्यानं जन्मलेलं विद्यापीठ त्या राज्याच्या हद्दीबाहेर केंद्र चालवू शकत नाही. पुण्यातला ‘कॅम्पस’ म्हणूनच टिकणारा नव्हता. ‘पदवी ऑनलाइन आहे, आम्ही फक्त शिकवतो’ हा बचावही चालत नाही. दूरस्थ आणि ऑनलाइन पदवीसाठी आयोगाची वेगळी मान्यता लागते आणि फ्रँचायझी देऊन ती चालवायला मनाई आहे.

महाराष्ट्रात याशिवाय अनधिकृत संस्था व अनधिकृत अभ्यासक्रम प्रतिबंध अधिनियम २०१३ आहे. त्याखालची तक्रार तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयाकडे नेता येते; कुटुंबानं तशी तक्रार केली. १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंध कायदाही आहे, मंजूर शुल्कावर घेतलेल्या जादा रकमेसाठी. पण इथे मंजूर शुल्क असं काही नव्हतंच. त्यामुळे शुल्क नियामक प्राधिकरणाचा रस्ता धरण्यात अर्थ नव्हता. पुष्कळ पालक इथे महिना-दोन महिने घालवतात.

पर्याय

पहिला पर्याय अकादमीनंच पुढे केला: थांबा, डिग्री मिळेल. घरातल्या मोठ्यांचा कल आधी इकडेच होता, कारण पैसे गेलेले आणि वर्ष सुरू झालेलं. पण पुढे एमसीए, सरकारी नोकरी, कागदपत्रांची कुठलीही पडताळणी आली की ही पदवी अडणार, हे एकदा लक्षात आल्यावर हा पर्याय बाजूला पडला.

उरले तीन: पोलीस, ग्राहक आयोग आणि अनुदान आयोगाकडची शुल्क परताव्याची तक्रार. तिन्हीकडे एकदम धाव घ्यावीशी वाटते, पण गोम अशी की तिन्ही दारं एकाच प्रश्नावर अवलंबून आहेत. मुलगी विद्यापीठाच्या पटावर आहे की नाही?

असेल, तर विद्यापीठ जबाबदार. २०२४-२५ साठी अनुदान आयोगाचं परतावा धोरण होतं: ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून. मग अनुदान आयोगाचं तक्रारींसाठीचं ई-समाधान पोर्टल, विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल. २०२३ च्या नियमावलीत समितीला अहवालासाठी १५ कामकाजाचे दिवस आहेत, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं ही त्यात स्पष्टपणे तक्रारीची बाब आहे.

नसेल, तर परतावा धोरण लागूच होत नाही. मग विद्यापीठाचं नाव वापरून पैसे उकळले असं झालं, आणि ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालची फसवणूक.

म्हणून पहिलं पाऊल पोलीस ठाण्यात पडलं नाही, विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या टेबलावर पडलं. हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय.

पावलं

पत्र एक पानी होतं. तीन प्रश्न, क्रमांक घालून: अमुक नावाची विद्यार्थिनी आपल्या पटावर आहे का, असल्यास नोंदणी क्रमांक काय? पुण्यातली अमुक अकादमी आपलं केंद्र आहे का, असल्यास कोणत्या मान्यतेनं? आपल्या लोगोची सोबतची पावती आपण अधिकृत केली आहे का? आरोप नाही, धमकी नाही, वकिलाचं नाव नाही. आरोप असलेलं पत्र विधी विभागात जातं आणि तिथं पडून राहतं. साध्या चौकशीला प्रवेश विभागातला कारकून उत्तर देऊन मोकळा होतो. स्पीड पोस्टानं पोचपावतीसह, आणि त्याच दिवशी ईमेलवर.

त्याच दिवशी दुसरं पत्र विद्यापीठ आणि अकादमी दोघांनाही गेलं: प्रवेश रद्द करत आहे, शुल्क आणि मूळ कागदपत्रं परत करा. उत्तराची वाट पाहत बसलं असतं तर ३० सप्टेंबर उलटली असती. उत्तर काहीही येवो, मुदत वाचली.

पुरावा जपायचं काम समांतर चाललं. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, हीही द्यावी लागते. म्हणून संभाषण ‘एक्स्पोर्ट’ करून घेतलं, फोन रीसेट केला नाही, सिम बदललं नाही. रोख तीस हजारांचा एकमेव पुरावा म्हणजे एजंटचा एक संदेश: ‘३० पोचले काका, टेन्शन नका घेऊ.’

कर्जाबाबत वडिलांचा पहिला विचार होता बँकेत जाऊन हप्ता आपोआप कापायची परवानगी, म्हणजे मँडेट, बंद करायचा. तसं केलं असतं तर थकबाकी वडिलांच्या नावावर लागली असती, क्रेडिट स्कोअर पडला असता, आणि पुढच्या हंगामाचं पीककर्ज अडचणीत आलं असतं. हप्ते चालू ठेवले, पण फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल गेला की सेवा देणारी संस्था अनधिकृत आहे, हप्ता हरकत नोंदवून भरत आहोत, कर्ज रद्द करून संस्थेकडून वसुली करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. खरं तर कर्ज घेतल्या घेतल्याच रद्द करायची सोय होती. डिजिटल कर्जाच्या तेव्हाच्या नियमांत किमान तीन दिवस मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन, दंड न भरता बाहेर पडता येत होतं. करारात ती ओळ होती. करार मोबाइलवर ओटीपी टाकून झाला. कुणी तो वाचून दाखवला नाही.

विद्यापीठाचं उत्तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ईमेलवर आलं. अकादमीशी फक्त कौशल्य प्रशिक्षणाचा करार आहे, महाराष्ट्रात आमचं कोणतंही केंद्र नाही, ही विद्यार्थिनी आमच्या पटावर नाही. चार ओळी. ई-समाधानचा रस्ता संपला आणि फसवणुकीचा भक्कम झाला.

आता तक्रार कुठे द्यायची? गावच्या ठाण्यात सांगितलं, ‘घटना पुण्याची, पुण्याला जा.’ पुण्यात सांगितलं, ‘पैसे गावाहून गेले, तिकडं द्या.’ यात अकरा दिवस गेले, आणि ते जायला नको होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता नोंदवावी लागते. शिवाय फोन आणि संदेशांतून फसवणूक झाली असेल, तर संदेश जिथे मिळाले त्या ठिकाणीही चौकशी चालते, हे कलम २०२ सांगतं. म्हणजे गावचं ठाणं नुसत्या ‘झिरो’ (हद्दीबाहेरच्या गुन्ह्याच्या) नोंदीपुरतं नव्हतं, तपासालाही पात्र होतं. हे दोन मुद्दे लिहून, सोबत विद्यापीठाचं उत्तर जोडून, अर्ज टपालानं पोलीस अधीक्षकांकडे गेला; कलम १७३(४) तशी सोय देतं. त्यानंतर ठाण्यानं अर्ज घेतला आणि प्राथमिक चौकशी लावली.

इथे एक बारकावा आहे. १४ दिवसांची प्राथमिक चौकशी तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, आणि ३१८(४) ला शिक्षा सात वर्षांपर्यंत. थेट गुन्हा नोंदवा असा आग्रह धरता आला असता. कुटुंबानं धरला नाही, कारण पोलिसांची चौकशीची नोटीस गेल्या गेल्या अकादमीच्या संचालकाचा फोन आला. निर्णय व्यवहाराचा होता. पण अकादमीत आधीच चाळीसभर मुलं अडकलेली असताना गुन्हा नोंदला न गेल्याची किंमत इतरांनी मोजली, हेही खरं.

तडजोडीच्या टेबलावर

अकादमीचा पहिला प्रस्ताव: ७५,००० चे तीन पुढच्या तारखांचे धनादेश, आणि ‘आमची कोणाहीविरुद्ध कोणत्याही स्वरूपाची तक्रार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र. दोन्ही नाकारलं, आणि बरोबर नाकारलं. धनादेश न वटला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस तीस दिवसांत, मग पंधरा दिवसांची वाट, मग महिनाभरात खटला, म्हणजे नवी लढाई. आणि ‘कोणाहीविरुद्ध’ या एका शब्दात एजंटही सुटला असता.

शेवटी ठरलं ते असं. ७५,००० डिमांड ड्राफ्टनं. कर्जाचे उरलेले ४५,००० अकादमीनं थेट फायनान्स कंपनीला भरून कर्ज बंद करायचं आणि ‘नो ड्यूज’ पत्र आणून द्यायचं. भरलेले तीन हप्ते, १५,०००, वडिलांच्या खात्यात. मूळ कागदपत्रं यादी करून, प्रत्येकासमोर सही घेऊन परत. बदल्यात कुटुंबानं फक्त ‘इतकी रक्कम आणि इतकी कागदपत्रं मिळाली’ असं लिहून दिलं. सहसंचालक कार्यालयाकडची तक्रार मागे घ्यायची नाही, हे तोंडी नव्हे, लेखी स्पष्ट केलं.

कागदपत्रं मिळेपर्यंत एका नातेवाइकानं सुचवलं होतं, ‘हरवल्याची नोंद करा, बोर्डातून दुय्यम गुणपत्रिका काढा.’ कागदपत्रं हरवलेली नव्हती, अडवलेली होती. खोटं प्रतिज्ञापत्र झालं असतं, आणि समोरच्या वकिलाला आयतंच हत्यार मिळालं असतं. तोवर डिजिलॉकरमधल्या गुणपत्रिकांवर काम भागलं.

ग्राहक आयोगाचा निर्णय

उरले ४०,००० : एजंटचे दहा आणि रोख तीस. शिवाय हॉस्टेलचा खर्च. यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार झाली, फक्त एजंटच्या कन्सल्टन्सीविरुद्ध. हे मुद्दाम. शिक्षणसंस्था ‘सेवा’ देते का, यावर वाद आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठानं २०२० मध्ये मनु सोळंकी प्रकरणात शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं. त्याआधी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या प्रकरणात मान्यतेबद्दल खोटी जाहिरात करणाऱ्या कॉलेजला जबाबदार धरलं होतं. अकादमीला पक्षकार केलं असतं तर वर्षभर याच मुद्द्यावर तारखा पडल्या असत्या. एजंट मात्र शिकवत नाही, प्रवेश विकतो. त्याच्याविरुद्ध दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा हे शब्द थेट लागू पडतात. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचं शुल्क नाही. हे प्रकरण सुनावणीवर आहे. तीस हजारांचा निकाल त्या एका संदेशावर टिकून आहे.

काय वेगळं करता आलं असतं

टोकन टाकण्याआधी अर्ध्या तासाचं काम होतं. अनुदान आयोगाच्या यादीत विद्यापीठाचं राज्य पाहायचं आणि वर्ग कुठे भरणार ते विचारायचं. एआयसीटीईच्या यादीत संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही त्याच वर्षासाठी आहेत का पाहायचं. सीईटी कक्षाच्या यादीतला संस्था कोड मागायचा. कोड नसेल तर कॅप नाही, आणि कॅप नाही तर शुल्कमाफी नाही. मूळ कागदपत्रं दाखवायची, ठेवायची नाहीत. पडताळणी करून लगेच परत देण्याचा आयोगाचा नियम २०१८ पासून आहे. आणि रोख द्यायचीच नाही.

फसवणूक कळल्यावर दोन गोष्टी लवकर व्हायला हव्या होत्या: अधीक्षकांना टपालानं अर्ज पहिल्या नकारानंतर दुसऱ्याच दिवशी, आणि एजंटच्या यूपीआयची तक्रार सायबर हेल्पलाइन १९३० वर, पैसे गेले त्याच दिवशी नाही तरी निदान लक्षात आलं त्या दिवशी.

निष्पत्ती

१,७५,००० पैकी १,३५,००० परत आले, डिसेंबरअखेरपर्यंत. वर्ष गेलं. मुलीनं पुढच्या वर्षी बीसीएची सीईटी दिली, खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं आणि कॅपमधून विभागातल्याच एका कॉलेजात प्रवेश घेतला. महाडीबीटीच्या यादीत या वेळी कॉलेज सापडलं.

अकादमीच्या त्या तुकडीतून सहा कुटुंबं बाहेर पडली. बाकीची मुलं तिथंच आहेत, कारण त्यांच्या घरी विद्यापीठाचं ते चार ओळींचं उत्तर पोचलेलं नाही. कुटुंबानं ते वर्गाच्या गटावर टाकलं, काही तासांत गटचालकानं काढलं. त्या पालकांसाठी ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. फसवणूक कळल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण पैसे भरल्याच्या तारखेपासून मोजून त्याआधी तक्रार दाखल करणं सुरक्षित. प्रत्येकानं विद्यापीठाला स्वतःच्या नावानं तेच तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्याच्या मुलीबद्दलचं उत्तर आपल्या प्रकरणात पुरावा म्हणून कच्चं पडतं.